अस्वलाला भूल देताना

आग्र्याजवळ कीठमला, सूर सरोवराच्या परिसरात, अस्वलं नाचवणाऱ्या दरवेशांकडून सोडवलेल्या अस्वलांचं केंद्र आहे. वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते उत्तर प्रदेश वनखात्यासोबत चालवते. तिथल्या अस्वलांना तपासणीसाठी भूल द्यावी लागते, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

नुसतं रक्त तपासायचं तर भूल कशाला? भुलेतच जनावर दगावलं तर? (नागपूर)

ही भीती खरी आहे. मलाही ती दर वेळी वाटते. पण अस्वल दुखणं अंगावर दाखवत नाही. दरवेशाकडे पिल्लू आलं की त्याचे सुळे ठोकून पाडायचे आणि तापलेल्या सळईने नाकाड भोसकून त्यातून दोरी ओवायची, अशी रीत होती. मोडलेल्या सुळ्याचं मूळ हिरडीत राहतं आणि वर्षानुवर्षं आतल्या आत पू धरतं. तरी अस्वल जेवत राहतं. लापशी एकाच बाजूने चाटतंय, एवढंच रोज खायला घालणाऱ्याच्या लक्षात येतं. खरं काय ते जबडा उघडून एक्स-रे काढल्यावर कळतं. शिवाय या अस्वलांमध्ये क्षय आणि यकृताचा कर्करोगही आढळतो. म्हणून एकदा भूल दिली की रक्त, सोनोग्राफी, दात, वाढलेली नखं, सगळं त्याच तासाभरात उरकायचं. तपासणी वारंवार टाळत राहणं हाही धोकाच आहे.

सिनेमात डार्ट (भुलीच्या औषधाची, लांबून मारायची सुई) लागताच प्राणी कोसळतो. तसंच होतं का? (पुणे)

अजिबात नाही. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, आणि ती शांततेत जावी लागतात. उलटी होऊन श्वासनळीत जाऊ नये म्हणून अस्वल आदल्या रात्रीपासून उपाशी असतं. काम सकाळच्या गारव्यात सुरू होतं. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. अस्वलाला आधी काट्यावर घ्यायचं. झायलाझिन किंवा मेडेटोमिडीन, त्याच्या जोडीला केटामीन, हे मिश्रण बरेचदा वापरतात. सुई खांद्यात किंवा मानेत मारायची. मागच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, मारली तर औषध चरबीत अडकतं आणि भूल अर्धवट लागते.

मग अस्वल ओठ चाटू लागतं, मागचे पाय लटपटतात, डोकं हळूहळू पंजांवर टेकतं. लगेच आत कुणी जात नाही. बाहेरूनच लांब काठीने कानाला हलका स्पर्श करायचा. कान हलला की पुन्हा थांबायचं.

भूल दिलेल्या अस्वलाच्या एका व्हिडिओत त्याचे डोळे उघडे दिसले. त्याला सगळं जाणवत असतं का? (ठाणे)

केटामीनमुळे डोळे उघडेच राहतात; त्याचा अर्थ अस्वल जागं आहे असा नाही. बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून मलम घालतो आणि वरून कापड बांधतो. दात काढायचा असेल तर वेदनाशामक वेगळं देतो.

अस्वल भुलेत असताना डॉक्टर नेमकं काय बघतात? मध्येच जागं झालं तर? (अमरावती)

एक माणूस दुसरं काहीही करत नाही, फक्त श्वास मोजतो. जिभेला ऑक्सिमीटरचा चिमटा लावलेला असतो. दर पाच मिनिटांनी नाडी आणि ताप कागदावर उतरतात. अस्वलाला केसांचं ओझं नसतं म्हणतात, पण भुलेत ते होतं. शरीराचा ताप आवरण्याची ताकद औषधाने कमी होते आणि वर ते लांब केस. ताप चढू लागला की पोटावर, काखेत गार पाण्याचे बोळे ठेवतो.

मध्येच जाग येणं हे झायलाझिनच्या भुलेतलं मोठं भय. सुरुवातीच्या काळात एका मादीचे दात तपासत होतो. कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला. मिनिटाला दहावर असलेला श्वास सोळावर गेला. चिमटा धरून बसलेला सहकारी हळूच म्हणाला, "सर, जीभ आत ओढतेय." अवजारं तिथेच टाकून आम्ही बाहेर आलो, कडी लावली. पाठोपाठ तिने डोकं वर केलं. तेव्हापासून माझ्याकडे कापड अंथरल्याशिवाय ट्रे ठेवत नाहीत आणि अस्वलाच्या कानात कापसाचे बोळे असतात.

उतारा असतो. झायलाझिनला योहिम्बिन, मेडेटोमिडीनला अटिपामेझोल. केटामीनला मात्र उतारा नाही, म्हणून त्याचा अंमल ओसरेपर्यंत थांबून मगच उतारा द्यायचा. घाई केली तर अस्वल झटके देत, भिंतीवर डोकं आपटत उठतं. उठून नीट चालू लागेपर्यंत पाण्याचं भांडंही आत ठेवत नाही, कारण गुंगीत तोंड पाण्यात राहिलं तर ते बुडू शकतं.

मी परभणीला पशुवैद्यक शिकते. भूल न देता तपासणी शक्य आहे का?

बरीचशी शक्य आहे, आणि तुझ्या पिढीने तीच वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. पिंजऱ्याला आडवा पाइप लावतात. एका बाजूने मध चाटवत अस्वलाला पुढचा पाय त्यात घालायला शिकवतात. पहिले कित्येक दिवस नुसता पाय आणि मध. मग केस भादरायचे, मग स्पिरिटचा बोळा, मग बोथट टोकाचा स्पर्श. सुई सगळ्यात शेवटी. पाय मागे घेतला तर घेऊ द्यायचा, कधीच धरून ठेवायचा नाही. असं शिकलेलं अस्वल मध चाटता चाटता रक्त देतं. मोडलेल्या सुळ्याचं मूळ काढायला मात्र भूल लागेलच, तेव्हा श्वास मोजायलाही आत्तापासून शीक.