एकही वचन व्यर्थ गेले नाही, मग कनानी उरले कसे?

बायबलच्या जुन्या करारातील यहोशवा या पुस्तकाच्या २१व्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वराने इस्राएलाला दिलेल्या वचनांपैकी एकही व्यर्थ गेले नाही असे म्हटले आहे, आणि शास्ते या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात मात्र न घालवलेल्या कनान्यांची, म्हणजे वचन दिलेल्या देशाच्या आधीच्या रहिवाशांची, यादी येते; तेव्हा खरे काय मानावे, असा आपला प्रश्न आहे. दोन वेगळ्या परंपरा एकत्र आल्या असे म्हणून हा प्रश्न मिटवता येतो, परंतु मला ते उत्तर अपुरे वाटते, कारण पुष्कळ देश घ्यायचा राहिला आहे हे स्वतः परमेश्वरच इस्राएलाचा पुढारी असलेल्या वृद्ध यहोशवाला त्याच पुस्तकाच्या १३व्या अध्यायात सांगतो. ज्याने हे पुस्तक आजच्या रूपात सिद्ध केले, त्याला ही दोन्ही विधाने शेजारी ठेवण्यात अडचण वाटलेली नाही.

मुळात वचन काय होते, हे आधी पाहावे. निर्गम या आधीच्या पुस्तकात (२३:२९-३०) परमेश्वर स्पष्ट सांगतो की तो त्या लोकांना एका वर्षात घालवणार नाही. तसे केले तर देश ओसाड पडेल आणि रानटी पशू वाढतील, म्हणून इस्राएल संख्येने वाढेपर्यंत तो त्यांना हळूहळू घालवील. म्हणजे यहोशवाच्या हयातीत काही प्रदेश शिल्लक राहणे हा वचनभंग नव्हता, तर वचनातच सांगितलेला क्रम होता. देश दिला गेला होता, वाटण्या झाल्या होत्या, युद्धातून विसावा मिळाला होता. उरलेले काम एकेका वंशाने आपापल्या वाट्यात पार पाडायचे होते.

ते कसे व्हायला हवे होते, हे कालेबाच्या प्रसंगात दिसते, आणि या साऱ्या पुस्तकात मला तोच प्रसंग सर्वाधिक मोलाचा वाटतो. कादेश-बर्ण्या येथून कनान देश पाहायला हेर म्हणून गेला तेव्हा कालेब ४० वर्षांचा होता. आता ८५व्या वर्षी तो गिलगाल येथे यहोशवापुढे उभा राहतो, हेरलेली जमीन त्याला मिळेल या ४५ वर्षांपूर्वीच्या वचनाची आठवण देतो आणि सोपी सपाट जमीन न मागता, जिथे अनाकी नावाचे धिप्पाड लोक आणि तटबंदीची मोठी नगरे आहेत तोच डोंगराळ मुलूख मागतो. परमेश्वर बरोबर असला तर मी त्यांना घालवीन, एवढेच त्याचे म्हणणे. हेब्रोन त्याला मिळते आणि अनाकाचे तिघे पुत्र तो तिथून घालवतो.

याउलट इस्राएलातीलच योसेफाचे वंशज बेथ-शान आणि इज्रेलच्या खोऱ्यातील लोखंडी रथांची तक्रार करतात. रथ असले तरी तुम्ही त्यांना घालवाल, असे यहोशवा त्यांना सांगतो. पुढे शास्ते १:२८ मध्ये जे लिहिले आहे ते नीट वाचावे: इस्राएल बलवान झाला तेव्हा त्याने कनान्यांना वेठीस लावले, पण घालवले नाही. म्हणजे बळ आल्यावरही त्यांना घालवण्यापेक्षा राबवून घेणे त्यांनी पसंत केले. त्यानंतर बोखीम येथे परमेश्वराचा दूत जो ठपका ठेवतो त्याचा आशय हाच आहे: मी माझा करार कधी मोडणार नाही असे म्हटले होते, पण तुम्ही माझे ऐकले नाही.

शास्ते पुढे वाचण्यापूर्वी यहोशवा २३:१४-१६ एकत्र वाचावे, अशी माझी विनंती आहे. तिथे यहोशवा हितकर वचने पुरी झाल्याची साक्ष देतो आणि लगेच, करार मोडल्यास सांगितलेली अनिष्टेही तितक्याच खात्रीने येतील, असे बजावतो.