टर्बो पेट्रोल गाडीला धुऊन वापरायचा परफॉर्मन्स एअर फिल्टर बसवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरची नेक्सॉन आहे, १.२ लिटर टर्बो पेट्रोल. रोज वाघोली ते रांजणगाव एमआयडीसी जाऊन-येऊन, सुट्टीत बायकामुलांना घेऊन गावाकडे. कंपनीचा कागदी फिल्टर बदलायला झालाय आणि मित्र मागे लागलाय की के अँड एन (धुऊन पुन्हा वापरायचा कापडी फिल्टर) टाक, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेज वाढेल, शिवाय जन्मात पुन्हा फिल्टर घ्यायला नको.

माझ्या मते नका टाकू. चांगल्या कंपनीचा कागदी फिल्टर घ्या आणि तो नीट बसलाय ना, इकडे लक्ष द्या. मी भोसरीत स्पेअर पार्ट विकतो. दोन्ही प्रकारचे फिल्टर दुकानात असतात आणि कापडी फिल्टरवर मला कितीतरी जास्त सुटतं, त्यामुळे हा सल्ला माझ्याच गल्ल्याच्या विरोधात आहे.

आधी पिकअपचं बघू, कारण फिल्टर विकला जातो तो त्याच नावावर. तुमचं इंजिन पूर्ण १२० पीएस ताकद देत असताना मिनिटाला साधारण साडेचार-पाच हजार लिटर हवा ओढतं. एवढी हवा फिल्टरमधून जाताना थोडा दाब खर्च होतो, हे खरं. कापडी फिल्टरची जाळी विरळ असते, म्हणून तिथे तो कमी खर्च होतो, हेही खरं. पण किती कमी? दोन्ही फिल्टर नवे आणि स्वच्छ असतील तर फरक फार तर एखाद्या किलोपास्कलचा, तोही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन वरच्या आरपीएमला असताना. आता दुसरा आकडा बघा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो आणि पुण्यात ९५ च्या आसपास. म्हणजे मुंबईहून घाट चढून पुण्याला आलात की गाडीच्या वाट्याची सहा किलोपास्कल हवा निसर्गानेच काढून घेतलेली असते. ती कमी झाल्याचं तुमच्या नेक्सॉनला कधी जाणवलं? नाही ना. मग एक किलोपास्कल परत मिळाल्याचं कुठून जाणवणार?

आणि ते न जाणवण्याचं कारणच टर्बो आहे, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा. साध्या इंजिनला जेवढी हवा मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. टर्बोच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो की सिलिंडरकडे किती दाबाची हवा पाठवायची. आत एक सेन्सर तो दाब मोजत असतो. कमी पडला तर वेस्टगेट (एक्झॉस्टला टर्बाइन टाळून बाहेर सोडणारी झडप) थोडा बंद होतो, टर्बाइनला जास्त एक्झॉस्ट मिळतो, टर्बो जरा जोरात फिरतो आणि दाब ठरल्या आकड्यावर येतो. फिल्टर थोडा अडवणारा असला तर ती तूट टर्बो भरून काढतो. फिल्टर मोकळा टाकलात तर टर्बोचं काम हलकं होतं, पण चाकाकडे जाणारी ताकद ईसीयूने ठरवली तेवढीच राहते. टर्बो किंचित लवकर जागा होत असेल, मी नाही म्हणत नाही. मीटरवर ते दाखवता येईल, बुडाला कळणार नाही. लोकांना कळतं ते आवाजामुळे. मोकळ्या फिल्टरमधून टर्बोचा श्वास ऐकू येतो आणि माणसाला वाटतं गाडी पळायला लागली.

अ‍ॅव्हरेजचं तर त्याहून सोपं आहे. पेट्रोल गाडीत हवेला सगळ्यात मोठी अडवणूक फिल्टरची नसते, थ्रॉटलची (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या हवेच्या झडपेची) असते. शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही तो जेमतेम उघडलेला असतो. फिल्टरने थोडं अडवलं तर तुमचा पाय नकळत केसभर जास्त दाबतो, झालं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून हे तपासलं होतं. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांमध्ये अ‍ॅव्हरेजवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. वेग घ्यायला मात्र ६ ते ११ टक्के जास्त वेळ लागला. तोही तुंबलेल्या फिल्टरचा परिणाम. चांगल्या स्थितीतला कागदी फिल्टर काढून कापडी लावला तर अ‍ॅव्हरेज कुठून वाढणार? कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. ‘फिल्टर बदलला की पेट्रोल वाचतं’ हे तेव्हापासून चालत आलंय.

आता धुळीकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत खरा प्रश्न तो आहे. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिनाला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. वाघोलीच्या खाणी-क्रशर, नगर रोडचं कायमचं खोदकाम, पुढे चालणारे डंपर, या सगळ्याची धूळ त्या हवेतून फिल्टरवर येते. दगडाची बारीक धूळ इंजिनाला सगळ्यात वाईट. दहा-वीस मायक्रॉनचा कण पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये शिरून पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. टर्बोच्या गाडीत त्याआधी तो टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या चाकाच्या) पात्यांवर आदळतो, आणि छोट्या टर्बोचं ते चाक मिनिटाला दोन लाखांच्या वर फिरू शकतं. पात्यांच्या कडा हळूहळू खरवडल्या जातात. हे एका वर्षात दिसत नाही. लाखभर किलोमीटरनंतर गाडी ऑइल खायला लागते, तेव्हा फिल्टर कुणाला आठवत नाही.

फिल्टर विकणारा तुम्हाला सांगेल की आमचा ९७ टक्के धूळ अडवतो, कागदी ९९ अडवतो, दोन टक्क्यांचा काय फरक. इथे फसू नका. अडलेली धूळ मोजून उपयोग नाही, आत गेलेली मोजा. फिल्टरवर शंभर ग्रॅम धूळ आली तर एकातून एक ग्रॅम जाईल, दुसऱ्यातून तीन. म्हणजे तिप्पट. शिवाय कुठल्या धुळीवर मोजलं तेही विचारा. आयएसओ ५०११ ही फिल्टर तपासायची पद्धत आहे आणि तिच्यात बारीक किंवा जाडी धूळ वापरता येते. जाड धुळीवर कुठलाही फिल्टर हुशार दिसतो. डब्यावर आकडा आहे पण धुळीचा प्रकार नाही, तर त्या आकड्याला मी किंमत देत नाही.

बरं, कापडी फिल्टरवाले अगदीच खोटं बोलतात असंही नाही. के अँड एन काय, इटलीचा बीएमसी काय, बनावट उत्तम असते. सुती जाळीला तेल लावलेलं असतं, त्या तेलाला धूळ चिकटते. तेल बरोबर असेपर्यंत काम चांगलं चालतं. भानगड पहिल्या धुण्यानंतर सुरू होते. क्लीनर मारायचा, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी सोडायचं, सावलीत पूर्ण वाळवायचं, मग प्रत्येक घडीवर मोजकं तेल. हे कोण करणार? गॅरेजमधला पोरगा सर्फच्या बादलीत बुडवतो, कॉम्प्रेसरने वाळवतो आणि तेल एकतर लावतच नाही, नाहीतर निथळेपर्यंत लावतो. तेल नसेल तर ती नुसती विरळ जाळी. जास्त झालं तर ते ओढलं जाऊन पुढच्या एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं आणि सेन्सर चुकीची हवा मोजायला लागतो. बऱ्याच छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच, डिझेलमध्ये बहुधा असतो. तुमच्या गाडीत बघायचं असेल तर फिल्टरच्या डब्यातून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपवर सुरुवातीलाच चार-पाच वायरींचा सेन्सर आहे का ते पाहा. दोनच वायरी असतील तर तो फक्त हवेचं तापमान मोजणारा.

कागदी फिल्टरची एक गंमत आहे, ती ग्राहकांना सांगितली की पटत नाही. नवा कोरा फिल्टर त्याच्या आयुष्यात धूळ सगळ्यात कमी अडवतो. थोडी धूळ बसली की तीच धूळ पुढच्या बारीक कणांना अडवते. म्हणून दर महिन्याला डबा उघडून फिल्टर आपटणं, त्याला हवा मारणं हे काळजी घेणं नव्हे. उलट १०० पीएसआयची हवा जवळून मारली की कागदाची छिद्रं मोठी होतात, घड्या फाटतात, आणि वरून तो छान पांढरा दिसतो! सर्व्हिसमध्ये हवा मारून दिलेल्या फिल्टरवर माझा काडीचा विश्वास नाही. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळी मुदत दिलेली असते. तुमचा रस्ता त्यातच मोडतो, तेव्हा ती पाळा. मळका झाला की हवा मारत बसू नका, सरळ बदला.

कुठला घ्यायचा? कंपनीचा मूळ, नाहीतर बॉश, माहले, मान, प्युरोलेटर यांपैकी तुमच्या मॉडेलला बसणारा. काहीशे रुपयांत काम होतं, कापडी चार-पाच हजारांच्या पुढे. तेवढ्यात किती कागदी फिल्टर येतात हिशेब करा, मग ‘जन्मभराचा फिल्टर’ किती स्वस्त ते कळेल. हातात घेतल्यावर घड्या मोजायची गरज नाही, पण जुन्याशेजारी ठेवून बघा. घड्या कमी आणि विरळ असतील तर कागद कमी वापरलाय. कडेचा रबर मऊ आणि सगळीकडे सारखा हवा. नकली फिल्टर बहुतेक वेळा याच रबरावर पकडला जातो.

बसवताना स्वतः उभे राहा. फिल्टर कितीही भारी असो, कडेने फट राहिली तर हवा तिथूनच जाते. डबा ओल्या फडक्याने पुसून घ्या, फिल्टर खाचेत पूर्ण बसवा, सगळ्या क्लिपा किंवा स्क्रू लावा. चारपैकी तीनच स्क्रू लावलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्यात की आता नवल वाटत नाही. पुढच्या वेळी डबा उघडाल तेव्हा स्वच्छ बाजूच्या पाइपमधून बोट फिरवा. बोटाला पिठासारखी धूळ लागली तर कुठेतरी गळती आहे.

उघडा कोन फिल्टर तर विषयच सोडा. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि गार हवेसाठी बंपरमध्ये खाली लावला तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी ओढतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या विम्यात हे नुकसान धरत नाहीत, इंजिनचं वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं, आणि त्यातही बाहेरून केलेला बदल दिसला की प्रश्न विचारले जातात.

तुमच्या मित्राची गाडी रिमॅप केलेली (ईसीयूचं प्रोग्रामिंग बदललेली) असेल तर त्याचं गणित वेगळं. ईसीयूला जास्त दाब मागायला लावला की हवा जास्त लागते आणि टर्बो त्याच्या मर्यादेजवळ जातो, तिथे मोकळ्या फिल्टरला अर्थ आहे. तरीही मी त्याला मूळ डब्यात बसणारा, बिनतेलाचा सिंथेटिक फिल्टर सुचवीन.

आणि गाडी खरोखरच आधीपेक्षा मंद वाटत असेल तर टायरची हवा, स्पार्क प्लग आणि इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपांच्या क्लॅम्प आधी तपासून घ्या. टर्बोनंतरचा एखादा होज सैल झाला असेल तर तो फिल्टर बदलून घट्ट होत नाही.