झाकलेल्या विंडोचे चित्र कुठे असते?

प्रश्न : आमच्या जुन्या संगणकावर एखादा प्रोग्रॅम अडकला, की त्याच्यावरून दुसरी विंडो सरकवताना तिच्या ठशांची रांगच पडद्यावर उमटत असे. आता तसे होत नाही. मागच्या विंडोचे चित्र संगणक कुठे ठेवतो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या जुन्या संगणकावर ते कुठेच ठेवलेले नसे आणि ठसे उमटत ते त्यामुळेच. पडद्याला खोली नसते. सगळे प्रोग्रॅम एकाच सपाट चित्रावर रंगवत आणि कार्यप्रणाली फक्त कोणती विंडो कोणाच्या वर आहे याचा क्रम सांभाळून, त्यावरून प्रत्येकीचा उघडा भाग काढून, त्याबाहेर पडणारे रंगकाम कापून टाकत असे. वरची विंडो सरकली, की खालच्या प्रोग्रॅमला ‘एवढा भाग उघडा पडला आहे, तो पुन्हा रंगव’ असा निरोप जाई. अडकलेला प्रोग्रॅम निरोप वाचतच नसल्याने सरकून गेलेल्या विंडोचे अवशेष तिथेच राहत.

ही काटकसर हौसेची नव्हती. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशची एकूण स्मृती १२८ किलोबाइट होती आणि त्याच्या ५१२ × ३४२ ठिपक्यांच्या कृष्णधवल पडद्याचे एकच चित्र सुमारे २२ किलोबाइट जागा घेई. झाकलेल्या विंडोंची चित्रे जपायला जागा उरणार कुठून? शिवाय उघडा भाग क्वचितच चौकोनी असतो. दोन-तीन विंडो आडव्यातिडव्या पडल्या, की त्याचा आकार वेडावाकडा होतो. असे आकार थोडक्या जागेत मांडण्याची युक्ती ॲपलच्या बिल ॲटकिन्सन यांनी शोधली. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत हे आधीच साधले आहे, अशी त्यांची समजूत होती; प्रत्यक्षात तिथे ते साधलेले नव्हते. गैरसमजाचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल! मायक्रोसॉफ्टच्या १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये तर मुख्य विंडो फरशांसारख्या शेजारी शेजारीच मांडल्या जात. त्या एकमेकींवर येऊ लागल्या १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत.

पुढे स्मृती स्वस्त झाली आणि रीत पालटली. ॲपलच्या मॅक ओएस टेनमध्ये आणि नंतर विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडो आपापल्या वेगळ्या स्मृतीत संपूर्ण रंगवली जाते आणि ती सारी चित्रे क्रमाने एकावर एक रचून पडद्यावरचे दृश्य तयार करण्याचे काम मुख्यतः ग्राफिक्स चिप करते. १९२० × १०८० ठिपक्यांची, पडदाभर पसरलेली विंडो अशा प्रकारे सुमारे ८ मेगाबाइट जागा घेते, पण आज ती कोणाच्या खिजगणतीतही नसते. प्रोग्रॅम अडकला तरी त्याचे शेवटचे चित्र शाबूत असल्याने ठसे उमटत नाहीत. विंडोज त्यावर फिकट छटा चढवून ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ एवढेच लिहिते.

क्रमाची यादी मात्र आजही लागतेच, कारण माउसची क्लिक कोणाला द्यायची हे त्या जागी सर्वांत वर असलेल्या विंडोवरून ठरते. क्रोमसारखा ब्राउझर तर आपली विंडो पूर्ण झाकली गेली आहे हे ओळखून, वीज वाचावी म्हणून, तिच्यातले रंगकाम तेवढ्यापुरते थांबवतो.