जुन्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या स्वस्तातल्या मारधाडपटांत लोकांना एवढं काय दिसतं?

मला विचाराल तर घाम दिसतो. आताच्या कोट्यवधींच्या सिनेमात हीरो इमारतीवरून उडी टाकतो, तेव्हा ती कॉम्प्युटरनं टाकलीय हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मला हा नाद काकांनी लावला. काका कोल्हापुरात गंगावेस तालमीत जाणारे. दारासिंगचे साठच्या दशकातले स्टंटपट त्यांनी थेटरात पाहिलेले, मी ते पुढं भाड्याच्या व्हीसीआरवर त्यांच्या शेजारी बसून पाहिले. गोष्टीशी काकांना काही देणंघेणं नसायचं. राजवाडा पुठ्ठ्याचा, तलवारी पत्र्याच्या. मुमताजचं गाणं लागलं की हे चहा टाकायला उठणार (चूक त्यांचीच). पण दारासिंगनं कलाजंग डाव टाकून समोरच्याला खांद्यावर घेतलं रे घेतलं, की सरकत सरकत टीव्हीपाशी. "कलाजंग बघ. वर नको, पाय बघ त्याचे." आणि खरंच, पायाची बोटं जमिनीत रुतवून उभा राहिलेला गडी दिसायचा. खांद्यावरचं वजन खरं होतं ना!

दारासिंगचा 'किंग काँग' (१९६२) बाबूभाई मिस्त्रींनी केला. याच माणसानं १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवून अदृश्य माणूस उभा केला होता. तेव्हापासून नावच पडलं 'काला धागा'. असल्या सिनेमात दोरा कुठं दिसतोय का, हे शोधायची खोड मला अजून आहे.

ऐंशीच्या दशकातले हाँगकाँगचे निंजापट म्हणजे तर गोधडीचं काम. गॉडफ्रे हो हा दिग्दर्शक कोरिया नाहीतर थायलंडकडचा दुसऱ्याचाच सिनेमा घ्यायचा, त्यात आपले वेगळे चित्रित केलेले निंजे जोडायचा आणि सगळ्यावर नवं डबिंग चढवायचा. दोन सिनेमांतली माणसं समोरासमोर येणार कशी? मग फोनवर बोलायची! 'निंजा टर्मिनेटर'मध्ये रिचर्ड हॅरिसन हा नट अगदी गंभीर तोंड करून ज्या फोनवर बोलतो, तो गारफिल्ड मांजराच्या आकाराचा आहे. तो तुकडा मी मागं घेऊन घेऊन चारदा पाहिला.

बाकी यातले निम्मे सिनेमे कंटाळवाणे असतात, खोटं कशाला बोलू. सुरुवात दारासिंगपासून करा, शेजारी तालमीतलं कुणी जुनं माणूस बसवता आलं तर बसवा. गाणी तेवढी पळवू नका.