सगळ्यांना सुट्टी, वादकाला काम

संगीत शिकणाऱ्या आणि नुकतेच व्यवसायात पाऊल टाकलेल्या वाचकांची पत्रे वर्षभर येत असतात; परंतु सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की त्या पत्रांतले विषय बदलतात. तंत्राविषयीचे प्रश्न मागे पडतात आणि वेळ, थकवा व घरची माणसे यांविषयीचे प्रश्न पुढे येतात. या अंकासाठी अशी तीन पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न इतरही काही वाचकांनी आपापल्या शब्दांत विचारला असल्यामुळे त्याचे उत्तर अधिक सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी २१ वर्षांची असून व्हायोलिन वाजवते. संगीताचे शिक्षण अजून चालू आहे, पण गेल्या वर्षापासून कार्यक्रमांची कामेही मिळू लागली आहेत. बहुतेक कामे नेमकी सुट्ट्यांत येतात. घरात सगळे जमलेले असतात तेव्हा मी तालमीला जाते आणि मी मोकळी होते तेव्हा पाहुणे परतलेले असतात. शाळेतल्या मैत्रिणी एकत्र फिरायला जातात. मला बोलावणेही त्यांनी आता थांबवले आहे. हंगाम संपला की वाद्याची पेटी उघडण्याची इच्छा होत नाही, आणि उघडली नाही तर दिवसभर अपराधी वाटत राहते. काही दिवस रियाज पूर्ण बंद ठेवला तर हात जाईल का? आणि घर माणसांनी भरलेले असताना रियाज करायचा तरी कसा?

उत्तर : लोकांच्या सुट्टीत आपल्याला काम असणे ही आपल्या व्यवसायाची जुनी रीत आहे आणि ती लवकर स्वीकारलेली बरी, कारण जी गोष्ट बदलणारच नाही तिच्याशी दरवर्षी भांडण्यात मोठी शक्ती जाते. जर्मन संगीतकार योहान सेबास्तियन बाख लायपझिग शहरात चर्चच्या संगीताची जबाबदारी सांभाळत असताना २५ डिसेंबर १७३४ ते ६ जानेवारी १७३५ या काळातल्या सहा दिवशी त्यांनी सहा भागांची एक विस्तृत रचना सादर केली, आणि तीत गाणारी बरीचशी मुले शाळेत शिकणारी होती. शहराला सण होता; त्या मुलांना गायचे होते. मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, पहिला रविवार सोडला तर, लायपझिगच्या चर्चमध्ये वाद्यवृंदासह होणारे संगीत बंद ठेवण्याची प्रथा होती. हंगामाच्या अगदी तोंडाशी एक शांत काळ ठरवून दिलेला होता, आणि बाख यांना मोठ्या कामाची तयारी करायला तो उपयोगी पडला. आज तसा काळ आपल्याला कोणी नेमून देत नाही, म्हणून तो आपण स्वतः नेमायला हवा.

तेव्हा पहिले काम असे करा की कार्यक्रमांच्या तारखा वहीत लिहिताना त्यांच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि नंतरचा एक आठवडा तुमच्या सुट्टीचा म्हणून त्याच वहीत, त्याच शाईने लिहा. त्या दिवसांसाठी काम आले तर त्या दिवशी दुसरे काम आहे असे समजूनच उत्तर द्या. घरच्यांनाही ती तारीख आधी सांगा. सणाच्या दिवशी आपण नसणार हे आयत्या वेळी कळले की माणसे दुखावतात. पण अमुक दिवशी मी पूर्ण वेळ तुमच्याबरोबर आहे असे महिनाभर आधी सांगितले तर त्याच माणसांना त्या दिवसाची वाट पाहता येते. मैत्रिणींच्या बाबतीतही हेच करा. त्यांनी बोलावणे थांबवले असेल तर तुम्ही बोलवा, आणि दिवस तुम्ही सुचवा. सतत नकार ऐकलेल्या माणसाला असे वाटू लागते की समोरच्याला यायचेच नाही. हा समज खोटा आहे हे तुमच्याखेरीज त्यांना कोण सांगणार?

आता हात जाण्याची भीती. पाच-सात दिवस वाद्य न उचलल्याने वर्षांची मेहनत वाया जात नाही. जे थोडे सैल पडते ते असे : बोटांच्या टोकांची टणक झालेली त्वचा किंचित मऊ होते, सूर अचूक पकडण्याची धार थोडी कमी होते आणि सलग गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, चालवण्याची ताकद उतरते. यांतली प्रत्येक गोष्ट नेमाने वाजवू लागल्यावर परत येते. याउलट, थकलेल्या हाताने आणि विटलेल्या मनाने ओढूनताणून केलेल्या रियाजात चुकीच्या हालचालीच पक्क्या होतात, आणि त्या घालवायला अधिक वेळ लागतो. विश्रांती हा तयारीचाच भाग आहे याला आधारही आहे. बर्लिनमधल्या संगीत अकादमीच्या व्हायोलिनवादकांवरचा एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या अभ्यासातून ‘जास्त तास वाजवा’ एवढेच सगळ्यांनी उचलले. परंतु त्यातले उत्तम वादक इतरांपेक्षा झोपही अधिक घेत होते आणि दुपारी विसावतही होते, ही नोंद बहुतेकांच्या नजरेतून सुटली. तुम्ही ती सुटू देऊ नका.

पूर्ण बंद ठेवणे मनाला पटत नसेल तर वाद्याशिवायचा रियाज करा. डोळे मिटून एखादी चीज, म्हणजे रचना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात वाजवायची, प्रत्येक बोट कुठे पडते आणि गज कुठे वळतो हे पाहायचे; जिथे चित्र पुसट होते तिथे आपली तयारी कच्ची आहे असे समजायचे. १९९५ मध्ये मेंदूचे अभ्यासक पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांनी पाच बोटांचा एक पियानोपाठ रोज दोन तास असे पाच दिवस प्रत्यक्ष वाजवला, तर काहींनी तो तेवढाच वेळ केवळ मनात वाजवला. मेंदूत बोटांच्या हालचालींशी संबंधित भागात झालेले बदल दोन्ही गटांत सारखेच दिसले. वादनात मनातला गट मागे होता, पण त्यानंतर दोन तास प्रत्यक्ष वाजवायला मिळाल्यावर तो पहिल्या गटाच्या बरोबरीला आला. गाडीत बसल्या बसल्याही करता येणारा हा रियाज आहे आणि त्याने कोणाची झोपमोड होत नाही.

परत सुरुवात मात्र सावकाश करा. विश्रांतीनंतरच्या पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्माच वेळ वाजवावे. आधी मोकळ्या तारांवर लांब गज, मग संथ आरोह-अवरोह, आणि जलद तानांना दोन दिवस हात लावू नये. मनगट, कोपर आणि खांद्याची दुखणी वादनाचा वेळ एकदम वाढवल्यानेच बऱ्याचदा सुरू होतात. सुट्टीत वाद्य ठेवून देताना सगळ्या तारा एकदम सैल करू नका, कारण ताण गेला की तारांना उचलून धरणारी घोडी पडते आणि आतला आधाराचा दांडाही निसटू शकतो. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहील अशा जागी पेटी ठेवली म्हणजे लाकूड तडकण्याची किंवा फुगण्याची चिंता उरत नाही.

भरल्या घरातल्या रियाजाचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. घोडीवर बसवायचा रबरी म्यूट लावला की आवाज पुष्कळ दबतो आणि बंद खोलीबाहेर त्रास होत नाही. पण तो फक्त डाव्या हाताच्या कामासाठी वापरा. म्यूट लावून रोज वाजवणारा विद्यार्थी दबलेला आवाज भरून काढण्यासाठी नकळत गज दाबू लागतो, आणि म्यूट काढल्यावर तो दाब तसाच राहून नाद खरखरीत होतो. सकाळी घर उठण्याआधी म्यूट लावून पाऊण तास बोटांचे काम आणि दुपारी सगळे बाहेर गेले असताना अर्धा तास खुल्या नादाचे काम, एवढे त्या दिवसांत पुरे आहे. उरलेला वेळ माणसांत बसा. तुमच्या पत्रातली खरी तहान तीच आहे असे मला वाटते.

प्रश्न : मी तबला वाजवतो, वय १९. सुट्टीत नातेवाईक जमले की ‘काहीतरी वाजवून दाखव’ असा आग्रह होतो. शिवाय ओळखीचे लोक घरगुती कार्यक्रमाला बोलावतात आणि पैशांचा विषयच काढत नाहीत. नाही म्हटले तर शिष्टपणा ठरतो. काय करावे?

उत्तर : या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांना वेगळीच उत्तरे द्यायला हवीत. घरच्यांनी केलेला आग्रह ही बहुतेक वेळा मायेची खूण असते. त्यांना संगीतातले फारसे कळत नाही, पण तुम्ही बंद दाराआड रोज काय करता याचे कुतूहल असते. दहा मिनिटांचे, तुम्हाला झोपेतही वाजवता येईल असे काही तयार ठेवा. एखादा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, आणि त्याचे चार-सहा पलटे, म्हणजे त्याच बोलांचे फेरफार; शेवटी एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा. तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, कुठे येते ते आधी सांगा आणि लहान मुलांना टाळी द्यायला लावा. ऐकणारे रमतात आणि तुम्हालाही कळते की ज्यांना शास्त्र ठाऊक नाही त्यांच्यापर्यंत आपले वादन पोहोचते का. मन नसेल त्या दिवशी ‘आज नको, उद्या नक्की’ म्हणावे आणि उद्या खरोखर वाजवावे.

ओळखीच्या लोकांचे बोलावणे मात्र कामाचे बोलावणे आहे. तिथे वेळ द्यावा लागतो, वाद्ये न्यावी लागतात, गाणाऱ्याबरोबर तालीम करावी लागते, आणि मंडप, माइक व प्रकाश यांचे पैसे ज्या कार्यक्रमात दिले जातात त्यात वादकाला मानधन मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. विषय तुम्हीच काढा, आणि होकार देण्याआधी काढा : कार्यक्रम किती वेळाचा, तालीम किती, येण्याजाण्याची सोय कोण करणार आणि मानधन किती, हे चारही प्रश्न एका दमात, नम्रपणे विचारावेत. उत्तर लेखी संदेशाने मागवून घ्यावे. एखाद्या ठिकाणी विनामूल्य वाजवावेसे वाटले, गुरुजींच्या कार्यक्रमात किंवा एखाद्या चांगल्या कामासाठी, तर जरूर वाजवा; पण तो निर्णय तुमचा असावा, समोरच्याने गृहीत धरलेला नसावा. ज्यांना मानधनाचा शब्द ऐकून राग येतो त्यांनी तुम्हाला पुन्हा बोलावले नाही तर तुमचे नुकसान होत नाही.

आणखी एक गोष्ट न विचारता सांगते. अशा कार्यक्रमांत ध्वनिक्षेपक बऱ्याचदा वादकाच्या कानाशी ठेवलेले असतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास असावे, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. हंगामात रोज कार्यक्रम असतील तर ध्वनिक्षेपक बाजूला सरकवायला सांगा आणि वादकांसाठी मिळणारे कानातले बोळे वापरा. गेलेली श्रवणशक्ती रियाजाने परत येत नाही.

प्रश्न : मी गाते. सुट्टीच्या दिवसांत लागोपाठ कार्यक्रम असतात आणि मधल्या रात्री घरी आलेल्या भावंडांशी गप्पा रंगतात. तिसऱ्या दिवशी आवाज बसतो. औषधाच्या गोळ्या चघळून गायले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. घसा बधिर करणाऱ्या गोळीने दुखणे लपते, इजा थांबत नाही. उलट वेदनेची सूचनाच बंद झाल्यामुळे तुम्ही नको तेवढा जोर लावता. स्वरतंतूंवर किती काम पडते याचा अंदाज यावा म्हणून एवढेच सांगते की ४४० हर्ट्‌झचा स्वर लावून धरला की ते एका सेकंदात ४४० वेळा एकमेकांना भिडतात. तीन तासांच्या कार्यक्रमानंतर मध्यरात्रीपर्यंतच्या गप्पा म्हणजे त्याच तंतूंचे दुसरे सत्र असते, आणि गोंगाटात बोलताना आपण आपोआप आवाज चढवत असल्यामुळे ते सत्र गाण्यापेक्षाही जड जाते. गप्पा सोडा असे मी म्हणणार नाही, कारण भावंडे वर्षातून एकदाच भेटतात. लागोपाठच्या कार्यक्रमांमधल्या रात्री गप्पा ऐका, आणि कार्यक्रमांची माळ संपेल त्या रात्री मनसोक्त बोला. बसलेल्या आवाजाने कुजबुजणे हाही विश्रांतीचा मार्ग नाही; त्यात अनेकांच्या घशावर ताणच येतो. सतत खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा. दिवसभर पाणी थोडे थोडे पीत राहणे आणि साध्या पाण्याची वाफ घेणे यांचा उपयोग होतो.

गाताना आवाज अचानक गेला, किंवा एखाद्या क्षणी घशात काही तुटल्यासारखे वाटले, तर ते गाणे तिथेच थांबवा आणि स्वरतंतू तपासणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जा. तंतूंत रक्तस्राव झाला असेल तर पुढचे एक कडवेही महागात पडते. अशा वेळी ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. साधी घोगरेपणाची तक्रारही तीन आठवड्यांवर रेंगाळू देऊ नये, आणि गाणे हेच ज्यांचे काम आहे त्यांनी तर त्याहून बरेच आधी दाखवावे.

आवाज केवळ थकलेला असेल आणि कार्यक्रम रद्द करण्याजोगी स्थिती नसेल, तर पट्टी, म्हणजे ज्या स्वराला सा मानून गाता तो स्वर, उतरवा. संवादिनीच्या काळी चारमध्ये गात असाल तर त्या दिवशी तिच्या लगेच खालची पांढरी पाच घ्या, तार सप्तकात फार वेळ राहणाऱ्या चिजा वगळा आणि दोन गाण्यांमध्ये संवादिनीला किंवा व्हायोलिनला एखादे आवर्तन अधिक द्या. हे साथीदारांना आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे तबलजी त्या पट्टीचा तबला घेऊन येतील आणि तानपुराही वेळेत लागेल.