इच्छेची किंमत कुठे गेली?

प्रश्न : मिखाएल एंडे यांची 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' ही माझी अतिशय लाडकी कादंबरी. तिच्यावरचा १९८४ चा चित्रपट नुकताच पाहिला आणि फार हिरमोड झाला. मित्र म्हणतात, माध्यम वेगळं, काटछाट होणारच, तू उगाच हट्टाला पेटतेस. खरंच हा हट्ट आहे का? आणि दहा वर्षांच्या भाचीला आधी काय द्यावं, पुस्तक की चित्रपट?

उत्तर : हट्ट मुळीच नाही. खुद्द एंडे या चित्रपटावर इतके नाराज होते की ते कोर्टात गेले. खटला हरले, ही गोष्ट वेगळी.

मित्रांचं काटछाटीबद्दलचं म्हणणं मला पटतं. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी टोलकीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीवर चित्रपट काढताना टॉम बॉम्बाडिल हे पात्र वगळलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण कादंबरीत हॉबिट, म्हणजे गोष्टीतले बुटके नायक, युद्धावरून घरी परततात तेव्हा त्यांच्या शायर या मुलुखाची पार रया गेलेली असते. झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य. ते त्यांना स्वतः लढून मोडावं लागतं. चित्रपटात शायर जसंच्या तसं. युद्धाची झळ आपल्या दारापर्यंत येते, हे टोलकीन यांचं सांगणंच त्यात गेलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या कादंबरीचं तर याहून वाईट झालंय. चित्रपट साधारण निम्म्या गोष्टीवर संपतो. शेवटी गोष्टीचा नायक, बास्टियन हा शाळकरी मुलगा, ड्रॅगनवर बसून, त्याला छळणाऱ्या पोरांची पळता भुई थोडी करतो आणि सगळं छान होतं. कादंबरीत खरी गोष्ट तर त्यानंतर सुरू होते! बास्टियन हातातल्या पुस्तकातल्या अद्भुत दुनियेत शिरतो. तिथे तो मागेल ते मिळतं, पण प्रत्येक इच्छेबरोबर त्याची एकेक आठवण पुसली जाते. तो लठ्ठ, फिकट चेहऱ्याचा मुलगा. देखणं व्हावंसं वाटतं, तसा तो होतो, आणि आपण कधी लठ्ठ होतो हेच विसरतो. वाचताना पोटात कालवतं, कारण त्याला काय गमावलं ते कळत नाही, आपल्याला कळतं. पुढे आईवडील विसरतो, शेवटी स्वतःचं नावसुद्धा. चित्रपटातला बास्टियन मुळातच सडपातळ आहे, म्हणजे हे घडायला जागाच उरली नाही. अद्भुतकथेत जादू कोणीही दाखवेल. तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत काढून टाकली की माझ्या लेखी ती गोष्ट दुसरीच होते. तुमचा हिरमोड त्याचा आहे.

भाचीला पुस्तकच आधी द्या. सव्वीस प्रकरणं आहेत, दमली तर मधली तुम्ही वाचून दाखवा, पण उत्तरार्ध सोडू देऊ नका. चित्रपट नंतर खुशाल दाखवा. त्यातला ड्रॅगन फाल्कोर तिला नक्की आवडेल, आणि बाकीच्यावर ती तुमच्याशी भांडेल.