जुन्या बेलरची गाठ सुटते, अख्खा नॉटरच बदलू का?

तुम्ही लिहिलंय की निफाडकडं गव्हाच्या काडासाठी सेकंडहँड चौकोनी बेलर (काडाचे गठ्ठे बांधायचं मशीन) घेतला, एका बाजूची दोरी सारखी सुटते, गठ्ठा एकीकडून झिपऱ्या निघाल्यासारखा येतो आणि मेकॅनिक म्हणतोय दोन्ही नॉटर (दोरीला गाठ मारणारे भाग) नवीन टाका. भाऊ, लगेच पैसे घालू नका. मी ट्रॅक्टरच्या अवजारांचंच काम करतो, बेलर दरवर्षी हाताखालून जातात, आणि गाठ सुटली की सगळे नॉटरला धरतात पण बऱ्याचदा झीज दुसरीकडंच असते.

आधी प्लंजर बघा, म्हणजे पुढंमागं सरकून काड दाबणारा भाग. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा दांडा) काढलेला, मगच हात घाला, कारण फ्लायव्हील (जड चाक) हाताने फिरवलं तरी दोरी आणून देणाऱ्या सुया वर येऊ शकतात आणि बोट राहत नाही. प्लंजर धरून वरखाली, आडवा हलवून बघा. खडखड हलला तर त्याचे रोलर बेअरिंग नाहीतर खालच्या पट्ट्या गेल्यात. प्लंजर हलतो म्हणून त्याचा चाकू आणि बॉडीवरचा फिक्स चाकू यांच्यात फट पडते, काड कापायच्या ऐवजी ओढलं जातं आणि गठ्ठ्याची एक बाजू झिपरी येते. तुमच्या झिपऱ्या बाजूचं कारण मला तरी इथंच दिसतंय. फट साधारण अर्धा मिमीच्या आसपास पाहिजे, चाकू एकमेकाला घासता कामा नये, नक्की आकडा मशीनच्या पुस्तकात असतो तोच धरा. पहिलं बेअरिंग आणि पट्ट्या, मग चाकू, उलटं केलं तर धार लावलेली वाया जाते. चाकूला धार फक्त उताराच्या बाजूने लावायची, सपाट बाजूला ग्राइंडर लावायचाच नाही, आणि मधून मधून पाणी मारत राहा, पातं निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला समजा.

आता गाठ. सुटलेल्या दोऱ्या फेकू नका, दहा-बारा गोळा करून उजेडात नीट बघा, कुठला पार्ट झिजलाय ते त्या दोरीवरच दिसतं. गाठ बसलीय पण ढिली, ओढली की सरकन सुटते, तर बिलहूकच्या (फिरून गाठ पाडणारा हूक) जिभेची स्प्रिंग ढिली झालीय. गाठीपाशीच दोरी तुटलीय तर तीच स्प्रिंग जास्त आवळलीय नाहीतर वायपर गाठ हुकावरून नीट उतरवत नाहीये. टोकं पिंजलेली, कमीजास्त लांबीची आली तर दोरी कापायचं छोटं पातं बोथट झालंय, त्याला धार लावली तरी काम होतं. एकाच टोकाला गाठ आणि दुसरं टोक सरळ, तर दोरी टोक धरणाऱ्या होल्डरमधून निसटतेय किंवा सुई ती जागेवर आणून देत नाहीये, म्हणून सुईच्या डोळ्यात बोट फिरवून बघा, दोरीने तिथं खाच पाडलेली असते. बिलहूकवर नख फिरवा, नख अडकलं म्हणजे गंज नाहीतर खाच आहे. बारीक गंज असेल तर पॉलिश पेपरने जातो, खाच खोल असेल तर हूक नवीनच घ्या.

आणि इथं एक गोष्ट मनापासून सांगतो, बिलहूक आणि सुई वेल्डिंगने भरून घेऊ नका. हुकावर भर टाकून घासली तरी तो गुळगुळीतपणा येत नाही, गाठ अडकते, आणि सुई बहुतेक मशीनला कास्टिंगची असते, वेल्डिंगने जराशी वाकली तरी टोक हुकतं आणि प्लंजरला धडकलं की खर्च कुठल्या कुठं जातो. बुश, पिना, शाफ्ट, पिकअपच्या (जमिनीवरचं काड उचलणारा भाग) साइडच्या पट्ट्या हे मात्र खुशाल लेथवर करून घ्या, नाशिकला अंबड-सातपूरला इतके लेथवाले आहेत की नमुना दाखवला की करून देतात. बेअरिंग घ्यायला जाताना जुनं रॉकेलने पुसून त्याच्यावरचा नंबर वाचून न्या, 6205 असेल तर आतून 25, बाहेरून 52 मिमी, मग बेलरचंच बेअरिंग शोधत बसायची गरज नाही, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून हायटेन्साइल (जास्त ताकदीचा) टाकणारे बघितलेत, ते करू नका, तो तुटायलाच दिलेला आहे, तो नाही तुटला तर गिअरबॉक्स तुटतो. ओरिजिनल ग्रेडचेच चार-पाच टूलबॉक्समध्ये ठेवा.

पिकअपचे दात जमिनीला घासत असतील तर उचला, दोन-तीन सेंमी वर चालले तरी काड येतं. माती आत गेली की चाकू आणि चेन दोन्ही लवकर झिजतात, आणि इगतपुरीकडं भाताचा पेंढा बांधायला जाणार असाल तर चाकू अजून लवकर जातील, भाताच्या काडात सिलिका जास्त असते.

नवीन बिलहूक टाकलाच तर त्याच्यावर रंग असतो तो आधी पॉलिश पेपरने पूर्ण काढा. मग फ्लायव्हील हाताने, चालतं त्याच दिशेने फिरवून चार-सहा गाठी पाडून बघा, आणि तरी एकाच बाजूची सुटली तर त्या दोरीचा जवळून फोटो टाका, दोन्ही टोकं दिसतील असा.